अविश्वास ठराव आणि दहा नंबरची जर्सी

कोल्हापुरात फुटबॉलवर मत नसलेला माणूस शोधावा लागतो. इथं तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमची गॅलरी भरते, आणि वर्ल्ड कपच्या वर्षी चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे फ्लेक्स लागतात. मी याच गावचा. पोटापाण्याचा उद्योग सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा आणि जीव अडकलेला बार्सिलोनात. २०२० च्या ऑगस्टपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत आमच्या कंपूत एकच वाद पेटता होता: मेस्सी नाराज आहे, मग दोष कुणाचा? अध्यक्षाचा, प्रशिक्षकाचा, की त्याचा स्वतःचाच? कोरोनामुळे कट्टा बंद, तेव्हा भांडण फोनवर. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा पुतण्या, आणि मध्ये शिट्टी वाजवायला आमच्यातले एक निवृत्त रेफरी. त्या वर्षानं जे शिकवलं ते खाली लिहून ठेवतो. क्रमांक फक्त सोयीसाठी दिलेत.

१. शेवटच्या सामन्यावरून भांडण सुरू करू नये

१४ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बायर्न म्युनिकनं बार्सिलोनाला ८-२ असं धुतलं. आपल्याकडे तेव्हा १५ ऑगस्ट उजाडला होता. सामना रात्री साडेबाराला सुरू झाला आणि संपेपर्यंत कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. सकाळी झेंडावंदनाच्या वेळेला मात्र फोन सुरू झाले. जो तो प्रशिक्षक सेतियेन यांच्या नावानं खडे फोडत होता. तीन दिवसांनी त्यांना काढलंही. पुतण्या म्हणाला, "झालं, आता सगळं सुधारेल बघा." २५ ऑगस्टला मेस्सीचा बुरोफॅक्स क्लबला पोचला. बुरोफॅक्स ही स्पेनच्या टपाल खात्याची सेवा. पत्र पोचलं, आणि त्यात अमुक मजकूर होता, या दोन्हींचा पुरावा कोर्टात चालतो. लाडक्या क्लबाला कुणी असं पत्र पाठवतं तेव्हा बोलाचाली कधीच बंद झालेली असते.

हिशेब तपासताना मी शेवटच्या पानापासून कधी सुरुवात करत नाही. इथंही मागे जावं लागतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नेमार २२.२ कोटी युरोंना पॅरिसला गेला. एवढा पैसा हातात आला की समोरचा भाव वाढवतोच, आणि बाजारात ही बातमी सगळ्यांना ठाऊक होती. डेम्बेलेला मूळ किंमत १०.५ कोटी, कुटिन्योला १२ कोटी, वर बोनस वेगळे. २०१९ ला ग्रीझमन, आणखी १२ कोटी. यांतला कुटिन्यो पुढं उसनवारीवर कुठं गेला? बायर्नला. आणि लिस्बनच्या त्या रात्री शेवटी मैदानात उतरून त्यानं आपल्याच मूळ क्लबावर दोन गोल मारले. त्याच्या पगाराचा बोजा वाहिलेल्या क्लबावर!

मग २०२० चा जानेवारी. संघ लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर असताना प्रशिक्षक व्हाल्व्हेर्दे यांना काढलं. फेब्रुवारीत क्रीडा संचालक अबिदाल मुलाखतीत म्हणाले की बरेच खेळाडू समाधानी नव्हते आणि पुरेशी मेहनत घेत नव्हते. मेस्सीनं जाहीर उत्तर दिलं: बोलायचं तर नावं घ्या, नाहीतर सगळ्यांवरच डाग लागतो. मार्चअखेर खेळाडूंनी ७० टक्के पगारकपात मान्य केली, पण ते जाहीर करतानाच मेस्सीनं लिहिलं की क्लबाच्या आतूनच कुणीतरी आमच्यावर दबाव आणू पाहत होतं. ८-२ हा या माळेतला शेवटचा मणी.

२. करारातली तारीख आधी, भावना नंतर

सगळा वाद एका कलमावर येऊन अडला. हंगाम संपताना मेस्सीला एकतर्फी बाहेर पडता येईल, मात्र १० जूनपूर्वी कळवायला हवं, असं ते कलम. कळवलं नाही तर त्याला न्यायचं असल्यास ७० कोटी युरो मोजायचे. मेस्सीच्या बाजूचं म्हणणं: महामारीनं हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला, मग जूनची तारीख कशी धरता? क्लबाचं म्हणणं: तारीख ती तारीख. लीगनंही जाहीर पत्रक काढून क्लबाचीच री ओढली.

इथं रेफरीसाहेब अचूक बोलले: "ऑफसाइड झाला की नाही ते बघा, बिचाऱ्यानं धाव चांगली घेतली होती, हे नंतर."

मेस्सीचं खरं दुखणं कलमाच्या पलीकडचं होतं. ४ सप्टेंबरच्या मुलाखतीत त्यानं सांगितलं की वर्षभर तो अध्यक्ष बार्तोमेउ यांना जायचं म्हणत होता, आणि हंगामाच्या शेवटी तूच ठरव, असं अध्यक्ष सांगत राहिले. शब्द तोंडी, तारीख कागदावर. सहकारात मी अशी किती प्रकरणं पाहिली! चेअरमननी शब्द दिलेला असतो, इतिवृत्तात ओळ नसते, आणि वाद माझ्या टेबलावर येतो. मेस्सीपुढं एकच मार्ग उरला होता, कोर्टाचा. तेराव्या वर्षी ज्या क्लबानं आपल्याला घेतलं त्याला मी कोर्टात खेचणार नाही, असं म्हणून तो थांबला. पुतण्या त्या दिवशी आनंदानं ओरडला. मला तो निकाल आनंदाचा वाटला नाही. मनाविरुद्ध थांबलेल्या माणसाचं वर्ष कसं जाणार, हा प्रश्न होता.

३. क्लब कुणाचा, हे आधी विचारावं

हा प्रश्न न विचारता लोक तासन्‌तास भांडतात. बार्सिलोनाला मालक नाही. एक लाखाहून जास्त सभासद वर्गणी भरतात आणि अध्यक्ष निवडून देतात. आपल्याकडचा साखर कारखाना डोळ्यांपुढं आणा: ऊस घालणारे सभासद, त्यांचं पॅनेल, त्यांची वार्षिक सभा, सभेतला गोंधळ आणि 'मंजूर मंजूर'चा घोष. बार्सिलोनाची निवडणूक मला कधी परकी वाटली नाही ती यामुळं. फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे अध्यक्षावर अविश्वास ठराव येतो तो संचालकांच्या बैठकीत, म्हणून संचालकांची सहल अचानक महाबळेश्वरला निघते. तिथं साधा सभासद सह्या गोळा करून थेट मतदान घ्यायला लावू शकतो.

आता मँचेस्टर युनायटेड पाहा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लब कर्ज काढून विकत घेतला आणि कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलं. २०१० च्या सुरुवातीला ते ७० कोटी पौंडांच्या वर होतं. त्या वर्षी चाहते लाल मफलर घरी ठेवून हिरवे-सोनेरी मफलर घालून ओल्ड ट्रॅफर्डवर येऊ लागले. क्लबाचं मूळ नाव न्यूटन हीथ असतानाचे ते रंग. ऑक्टोबरमध्ये वेन रूनीनं पत्रक काढलं की क्लब मोठे खेळाडू आणेल याची खात्री मिळत नाही, म्हणून मी करार वाढवणार नाही. चाहते वर्षभर हेच तर ओरडत होते! पण बोलणारा रूनी निघाल्यावर संताप त्याच्यावरच उलटला. दोनच दिवसांत त्यानं पाच वर्षांचा नवा करार केला. कर्ज होतं तिथंच राहिलं. खेळाडूची नाराजी करारात मिटली, चाहत्यांची मिटायला जागाच नव्हती, कारण सही करायचा कागदच तिथं अस्तित्वात नाही. काहींनी तर २००५ मध्येच वेगळं निघून स्वतःचा क्लब काढला होता, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. मला तो मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, पण रूनीला खेळताना पाहायचं असेल तर तो उपयोगाचा नाही, हेही खरं.

४. घोषणेपेक्षा सही जड

पुन्हा बार्सिलोना. बुरोफॅक्सची बातमी फुटली त्या रात्री क्लबाच्या मैदानाच्या, कॅम्प नोऊच्या दारात माणसं जमली, 'बार्तोमेउ राजीनामा द्या' म्हणून ओरडली. फेब्रुवारीत एइबारविरुद्धच्या सामन्यात गॅलरीनं पांढरे रुमाल फडकवले होते. स्पेनमध्ये नाराजी दाखवायची ती जुनी रीत. त्या दिवशी मेस्सीनं चार गोल मारले, रुमाल खिशात गेले आणि अध्यक्ष खुर्चीत राहिले. घोषणांचं हे असं असतं. गोल झाला की विरतात.

खुर्ची हलली ती कंटाळवाण्या कामानं. जोर्दी फारे या सभासदाच्या पुढाकारानं अविश्वास मतदानासाठी सह्या गोळा करायला सुरुवात झाली. एकूण सभासदांच्या १५ टक्के, म्हणजे १६,५२० सह्या हव्या होत्या, त्याही ठरलेल्या मोजक्या दिवसांत. स्टेडियम प्रेक्षकांना बंद. सामन्याच्या दिवशी दारात टेबल टाकून हजारो सह्या घ्यायची सोय नाही. तरी १७ सप्टेंबरला २०,६८७ सह्या जमा झाल्या. आमच्या कंपूत तेव्हा पैजा लागल्या होत्या. छाननीत निम्म्या उडतील, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मी मात्र त्या चार हजारांच्या वरकड सह्यांकडे पाहून निर्धास्त होतो. ज्यानं ती मोहीम चालवली त्याला छाननी म्हणजे काय ते ठाऊक होतं. छाननीनंतरही वैध सह्या पुरेशा निघाल्या.

मग नेहमीचा डाव आला: मतदान पुढं ढकला, साथ आहे, आरोग्याचा प्रश्न आहे. कॅटलोनियाच्या सरकारनं मतदान घ्यायला अडचण नाही असं कळवलं. २७ ऑक्टोबर २०२० ला बार्तोमेउ आणि सगळं संचालक मंडळ पायउतार झालं. जाता जाता अध्यक्षांनी जाहीर केलं की क्लबानं युरोपियन सुपर लीगमध्ये खेळायचं मान्य केलंय! ज्याच्यावर सभासदांचा विश्वास उरला नाही त्यानं निघतानाच्या भाषणात एवढा मोठा निर्णय सांगून टाकावा. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आदल्या रात्री नारळ फोडणारे आमच्याकडचे लोक मला उगाच आठवले.

५. ठराव आणणाऱ्यावरही एक दिवस ठराव येतो

१९९८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष जोसेप नुन्येझ यांच्याविरुद्ध अविश्वासाची मोहीम ज्या तरुण वकिलानं चालवली तो जोन लापोर्ता. ठराव पडला. २००३ मध्ये लापोर्ता स्वतः अध्यक्ष झाले. २००८ मध्ये त्यांच्याविरुद्ध ठराव आला आणि ६० टक्क्यांहून जास्त मतं त्यांच्या विरोधात पडली. दोन तृतीयांश लागतात म्हणून वाचले. पुढच्याच हंगामात ग्वार्दिओलाच्या संघानं तीन मोठे चषक जिंकले आणि ते साठ टक्के कुठं गेले ते कुणाला सापडले नाहीत. अध्यक्षाचं मोजमाप करताना मधल्या वर्षाचा ताळेबंद घेऊन बसू नये, असं यावरून वाटतं. आणि आकड्यानं हरूनही नियमानं टिकलेल्या माणसाला फार लवकर हिरो करू नये, असंही वाटतं. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पटतात.

६. आरडाओरड्याचं बिल कुणी भरलं?

हा मुद्दा माझ्या धंद्याचा, त्यामुळं इथं जरा रेंगाळतो.

२०२० च्या फेब्रुवारीत कादेना सेर या रेडिओनं बातमी दिली की क्लबानं पैसे मोजलेली एक कंपनी समाजमाध्यमांवर खाती चालवते, आणि त्या खात्यांवरून अध्यक्षांची प्रतिमा उजळली जाते व मेस्सी, पिके यांच्यासारखे खेळाडू, माजी खेळाडू आणि संभाव्य विरोधी उमेदवार यांच्यावर टीका होते. क्लबानं ठामपणे इन्कार केला: आम्ही फक्त क्लबाविषयी काय बोललं जातं यावर लक्ष ठेवायचं काम दिलं होतं. करार मात्र रद्द केला. पुढं क्लबानं नेमलेल्या लेखापरीक्षकांनीही बदनामीच्या मोहिमेचा आरोप मान्य केला नाही.

पण मला बातमीतला दुसरा तपशील जागं ठेवत होता. काम सुमारे दहा लाख युरोंचं, आणि बिलं तुकड्या-तुकड्यांची, प्रत्येक दोन लाखांच्या आत. दोन लाखांच्या वरचा खर्च क्लबाच्या समितीपुढं मंजुरीला न्यावा लागतो. मर्यादेच्या आत बसणारी बिलांची रांग दिसली की कुठल्याही लेखापरीक्षकाची पेन्सिल थांबते. तालुक्याच्या सोसायटीत असो वा कॅम्प नोऊवर, निविदा टाळायची आणि मंजुरी चुकवायची ती हीच वाट. अशी रांग म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. खुलासा मागायचा, एवढंच. एप्रिलमध्ये सहा संचालकांनी राजीनामे दिले. त्यांतले उपाध्यक्ष एमिली रूसो यांनी तिजोरीत कुणीतरी हात घातलाय असं उघड म्हटलं, क्लबानं तेही नाकारलं. १ मार्च २०२१ ला पोलिसांनी क्लबाच्या कार्यालयांत झडती घेतली आणि माजी अध्यक्षांना एक रात्र कोठडीत काढावी लागली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला तेव्हा आठवडाही उरला नव्हता.

यातून मी वादाविषयी काय शिकलो? फोनवर कुणी नवं मत ऐकवलं की मी विचारू लागलो, हे तू स्वतः पाहिलंस की कुठं वाचलंस? मेस्सी संघ चालवतो, मेस्सीच प्रशिक्षक ठरवतो, त्याचे मित्र म्हणून अमका संघात आहे, ही वाक्यं आमच्या कंपूत सगळ्यांच्या तोंडी होती. शब्दही तेच. त्यांतली काही खरी असतीलही. पण एकाच साच्यातलं वाक्य वेगवेगळ्या गावांतल्या अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकू यायला लागलं की साचा कुणाचा, हे शोधावं.

७. रिकामी खुर्ची फुकट पडत नाही

बार्तोमेउ गेले त्या संध्याकाळी पुतण्यानं घरात पेढे वाटले. नंतर चार महिन्यांहून जास्त काळ क्लब काळजीवाहू मंडळाच्या हाती होता. जानेवारीत एरिक गार्सिया या बचावपटूला आणायचं ठरत होतं, पण उमेदवारांचं एकमत होईना म्हणून राहिलं. काळजीवाहू प्रमुख कार्लेस तुस्केत्स यांनी तर रेडिओवर सांगून टाकलं की निव्वळ आर्थिक बाजूनं पाहिलं तर उन्हाळ्यात मेस्सीला विकायला हवं होतं. पेढे खाल्लेल्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. मला तो माणूस आवडला. निवडणूक लढवायची नसलेला माणूसच हे बोलू शकतो.

८. नाराज माणूस काम सोडतोच असं नाही

आमच्या रेफरीसाहेबांचा हा हट्टाचा मुद्दा. 'मन नाही तर पाय चालणार नाहीत' हा सिद्धांत मेस्सीनं त्या वर्षी मोडून काढला. सुआरेझला नवे प्रशिक्षक कुमान यांनी फोनवर थोडक्यात निरोप दिला. तो अॅटलेटिकोला गेला आणि तिथं २१ गोल मारून लीग जिंकून बसला. जिवलग मित्र गेला, अध्यक्ष नाही, प्रेक्षक नाहीत. तरी मेस्सी लीगमध्ये ३० गोल मारून पहिला. एप्रिलमध्ये अॅथलेटिकला ४-० हरवून कोपा देल रे जिंकला, त्यात त्याचे दोन गोल.

मात्र त्याला संत करायचीही गरज नाही. जानेवारीअखेर एल मुंदो या दैनिकानं त्याचा करार छापला: चार वर्षांत जास्तीत जास्त ५५.५ कोटी युरो. क्लब बुडतोय म्हणणाऱ्या माणसाच्या पगाराचा बोजाही क्लबावरच होता. सही दोन्ही बाजूंची होती, हे पुतण्याला मान्य. आकड्याबद्दल बोललं की मात्र तो विषय बदलतो.

९. माणूस बदलतो, येणं-देणं बदलत नाही

निवडणुकीच्या प्रचारात लापोर्ता यांनी माद्रिदमध्ये, रिआलच्या मैदानाशेजारी, स्वतःचं भलंमोठं पोस्टर लावलं: तुम्हाला पुन्हा भेटायला उत्सुक आहे. काय तो रुबाब! मेस्सीशी आपलं चांगलं जमतं, मांस भाजत गप्पा मारल्या की तो राहील, असा त्यांचा सूर. ७ मार्च २०२१ ला मेस्सी मुलाला घेऊन मतदानाला आला. लापोर्ता ५४ टक्के मतं घेऊन निवडून आले. ज्याच्यावर सगळा राग होता तो गेला, ज्याच्यावर विश्वास होता तो आला. चाहत्यांच्या दृष्टीनं कथा संपली.

हिशेबाच्या दृष्टीनं ती तेव्हा सुरू झाली. स्पॅनिश लीग दर हंगामाला प्रत्येक क्लबाची खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा ठरवते. उत्पन्नातून इतर खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा करायचे, उरेल त्यात संघ बसवायचा. बार्सिलोनाची ही मर्यादा २०१९-२० मध्ये ६७ कोटी युरो होती. मैदान बंद, संग्रहालय बंद, दुकानं बंद, आणि आधीच्या खरेदीचे हप्ते चालू. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मर्यादा जाहीर झाली ती दहा कोटींच्याही आत. मर्यादा ओलांडलेल्या क्लबाला तेव्हा असा नियम होता की चार युरो वाचवले तर एक खर्चता येईल. मेस्सीचा जुना करार ३० जूनला संपल्यामुळं तो नियमाच्या दृष्टीनं नवा खेळाडू ठरला. निम्म्या पगारावर यायला तो तयार होता, पाच वर्षांच्या कराराची बोलणी झाली होती. तरी बसेना. लापोर्ता यांनी सांगितलं की मेस्सीला धरून पगाराचा खर्च उत्पन्नाच्या ११० टक्के होतो, आणि त्याला सोडूनही ९५ टक्के. ५ ऑगस्टला क्लबानं पत्रक काढलं. ८ ऑगस्टला मेस्सी व्यासपीठावर रडला. १० ऑगस्टला पॅरिस. क्लबाच्या हाती हस्तांतराचा एक युरो आला नाही.

पुढच्या आठवड्यात लापोर्ता यांनी १३५ कोटी युरोंचं देणं जाहीर केलं, आणि सरल्या वर्षी पगारावर उत्पन्नाच्या १०३ टक्के गेल्याचंही. शंभर रुपये मिळवायचे आणि एकशेतीन पगारात वाटायचे, वीजबिल पुढं. अशी पतसंस्था माझ्या तपासणीत आली असती तर मी शेऱ्याची ओळ आधीच लिहून नेली असती.

राग धरायला चेहरा लागतो, म्हणून चाहते अध्यक्षाचा चेहरा धरतात. बार्तोमेउ यांनी हे देणं वाढवलं, त्यांना सुटका नाही. पण ज्या दिवशी मेस्सी खरोखर गेला त्या दिवशी बार्तोमेउ खुर्चीत नव्हते. २०२० ला त्याला जाऊ दिलं नाही ते नावडते अध्यक्ष, आणि २०२१ ला राहू दिलं नाही ते आवडते.

१०. धाकट्यांचा मुद्दा खोडता येत नसेल तर तसाच नोंदवावा

वरचा सगळा हिशेब ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, पैसे नव्हते असं नाही. घ्यायचे नव्हते." त्याचं म्हणणं असं: त्याच ऑगस्टमध्ये सीव्हीसी ही गुंतवणूक कंपनी लीगमधल्या क्लबांना पैसे द्यायला उभी होती, बदल्यात टीव्हीच्या उत्पन्नातला हिस्सा. लापोर्ता यांनी नकार दिला, क्लब अर्धं शतक गहाण ठेवणार नाही म्हणाले.

मी नियम दाखवला. त्या पैशांतला १५ टक्केच भाग संघावर वापरता येत होता, बाकीचा सुविधांना आणि कर्जाला. शिवाय पन्नास वर्षांचं ओझं एका खेळाडूसाठी?

"बरं. मग २०२२ चा उन्हाळा?"

त्या उन्हाळ्यात याच लापोर्ता यांनी लीगच्या टीव्ही हक्कांतला आधी १० टक्के हिस्सा २०.७५ कोटी युरोंना, मग आणखी १५ टक्के, पंचवीस वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या कंपनीला विकला. त्यातून लेवांडोव्स्की, राफिन्या, कुंदे आले.

"पन्नास वर्षं म्हणजे पाप आणि पंचवीस म्हणजे पुण्य, हे कुणी ठरवलं?"

सभासदांच्या सभेनं ठरवलं, असं मी सांगितलं. जून २०२२ मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या प्रतिनिधी सभासदांनी ती विक्री रीतसर मंजूर केली होती.

"आणि ऑगस्ट २०२१ ला, मेस्सीच्या वेळी, त्यांना विचारलं होतं?"

नव्हतं विचारलं. तो निर्णय अध्यक्ष आणि संचालक मंडळानं घेतला, सभासदांना तो पत्रकातूनच कळला, जसा आम्हाला कोल्हापुरात कळला तसाच.